धर्मकाट्यावरचे धर्मराज

नदीवरच्या जुन्या पुलाच्या अलीकडे ट्रक वजन करायचा धर्मकाटा होता. जमिनीत बसवलेला लांबरुंद लोखंडी पाटा, शेजारी एक केबिन, केबिनला एक खिडकी आणि खिडकीत एक माणूस. सत्तावीस वर्षं तोच माणूस. पुलाला सोळा टनांपुढचं ओझं सोसत नसे, म्हणून दगडखाणीकडून येणारा प्रत्येक ट्रक आधी पाट्यावर चढायचा. आत हा माणूस दांडीवरचं वजन बोटानं सरकवत दांडी समतोल करायचा, आणि आकडा सोळाच्या आत असला तरच शिक्का मारून चिठ्ठी द्यायचा. चिठ्ठी नसेल तर पुढे पुलावरचा फाटकवाला फाटक उघडत नसे.

ड्रायव्हर लोक त्याला धर्मराज म्हणत. अर्धं कौतुकानं, अर्धं वैतागून. त्याच्याशी गोड बोलून उपयोग नसे आणि चिडूनही नसे. कुणी म्हणालं, "धर्मराज, पन्नास किलोंचा तर प्रश्न आहे," तर तो म्हणायचा, "मग पन्नास किलो उतरव, प्रश्न मिटला." आणि खिडकीची काच ओढून घ्यायचा.

त्याचा बाप धान्यबाजारात मापाडी होता. बापाचं एक वाक्य त्यानं लहानपणापासून ऐकलेलं: विस्तवाचा धर्म जाळणं, पाण्याचा धर्म उताराला लागणं आणि मापाड्याचा धर्म माप खरं सांगणं. ज्याचं जे काम, तोच त्याचा धर्म, बाकीचं देवावर. त्याला हे पटायचं, कारण त्यात फारसा विचार करावा लागत नसे. सकाळी साडेसातला केबिनचं कुलूप उघडायचं आणि संध्याकाळी सहाला लावायचं, तेवढ्या वेळात खोटा आकडा लिहायचा नाही. झाला धर्म.

बायको बौद्ध घरातली. दोघांचं लग्न झालं तेव्हा दोन्ही घरांनी वर्षभर तोंडं फिरवली, मग नातू झाला आणि तोंडं आपोआप वळली. घरातल्या फळीवर त्याचे देव एका बाजूला, तिची बुद्धाची तसबीर दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये घड्याळ. ती धम्म म्हणायची. तो सुरुवातीला चिडवायचा, "अगं, तुमच्या शब्दातला र कुठे गेला?" ती म्हणायची, "तुमच्या घरात रुसायला कामी आला." तिच्या मते धम्म म्हणजे नेमून दिलेलं काम नव्हे. गोष्ट आहे तशी बघायची, ती कशामुळे झाली ते बघायचं आणि आपल्या हातून दुसऱ्याचं दुःख वाढू द्यायचं नाही. तो म्हणायचा, "म्हणजे तेच की." ती म्हणायची, "तेच नाही." यापुढे वाद कधी गेला नाही, कारण तोवर तिची कामावर जायची वेळ व्हायची. ती ताडपत्रीच्या कारखान्यात शिवणकाम करायची. जाड सुई, मेणाचा दोरा आणि अंगठ्याला चामड्याची टोपी. तिची शिवण दुहेरी असे. एक टाका पुढे, एक उलटून. बाकीच्या बायका हसायच्या, पण तिनं शिवलेली ताडपत्री फाटली असं कुणी सांगितलं नाही.

मुलगा एकच. जन्मला तेव्हा इतका मोठ्यानं रडला की आजोबांनी त्याचं नाव भोंगा पाडलं. पुढे तो ट्रक चालवायला लागला तेव्हा लोक म्हणाले, नाव ठेवणाऱ्याला भविष्य दिसत होतं. उंच, हसरा, आईच्या गळ्यात पडणारा आणि बापाला थोडा बिचकून असणारा. पंचविसाव्या वर्षी त्याला दगडखाणीवर कायमचा ट्रक मिळाला, म्हणजे दिवसातून दोनदा बापाच्या काट्यावरून जाणं आलं. पहिल्या दिवशी आईनं त्याच्यासाठी एक ताडपत्री शिवून दिली. दुपारी गाडीच्या सावलीत पडायला अंथरूण आणि पावसात पांघरूण.

बापानं त्याला पहिल्याच खेपेला सांगितलं होतं, "इथं तू माझा मुलगा नाहीस. तू फक्त एक ट्रक आहेस."

"चालेल," भोंगा म्हणाला होता. "मग घरी जेवायला ट्रक येईल, जागा करून ठेवा."

त्यावर केबिनमध्ये एकटा बसून तो बराच वेळ हसला होता. मुलासमोर मात्र हसला नाही.

दीड वर्ष असंच गेलं. मग एक मंगळवार आला.

दुपारचे अडीच वाजले होते. भोंग्याचा ट्रक पाट्यावर चढला. हौद्यात डबर, म्हणजे इमारतीच्या पायात घालायचा फोडलेला दगड. धर्मराजनं वजन सरकवलं. दांडी उतरेना. आणखी सरकवलं. साडेसतरा टन.

"दीड टन जास्त आहे," तो खिडकीतून म्हणाला.

भोंगा खाली उतरून खिडकीशी आला. मान घामानं चिंब. "माहीत आहे बाबा. खाणीवर मशीननं भरला, मी म्हणेपर्यंत मागचा फाळका लावून मोकळे झाले. तिकडे पायाचं काम अडलंय. मुकादम म्हणाला, चारपर्यंत माल आला नाही तर उद्यापासून दुसरा ड्रायव्हर."

"दीड टन उतरव."

"एकट्यानं उतरवायला अडीच तास लागतील. एकदाच द्या चिठ्ठी. पूल काही दीड टनानं पडत नाही, तुम्हालाही ठाऊक आहे."

ते त्याला ठाऊक होतं. सोळाचा आकडा लिहिणाऱ्यांनी वर थोडी जागा ठेवलेली असते, हे प्रत्येक काटेवाल्याला ठाऊक असतं. पण मागे तीन ट्रक उभे होते. त्यांचे ड्रायव्हर खाली उतरून, कमरेवर हात ठेवून बघत होते. धर्मराज आपल्या पोराला काय देतो, ते.

"काट्याला बाप नसतो," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, मागच्यांना ऐकू जाईल असं.

भोंग्यानं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही, शाळेत सगळ्या वर्गासमोर उभं केलेल्या मुलासारखं. मग गाडीत चढला, ट्रक पाट्यावरून पुढे काढला आणि वळवला. धर्मराजला वाटलं, खाणीवर परत चालला, मशीननं उतरवून आणेल. त्यानं पुढचा ट्रक घेतला.

खाणीच्या मागून नदीकडे उतरणारी एक जुनी वाट होती. तिला घसरण म्हणत. तिथं काटा नाही, फाटक नाही, खाली उथळ पाण्यातून पलीकडे जाता येई. रिकामी गाडी कशीबशी उतरे. भरली गाडी घेऊन कुणी शहाणा तिकडे फिरकत नसे. भोंगा भरली गाडी घेऊन गेला. अर्ध्या उतारावर ब्रेक तापून गेले. ट्रक वळण न घेता सरळ गेला.

सव्वाचार वाजता खाणीवरचा एक माणूस सायकल दामटत आला आणि खिडकीसमोर उभा राहिला. धर्मराज म्हणाला, "कुठल्या ट्रकचं?" कारण माणसं त्याच्याकडे ट्रकबद्दलच बोलायला येत.

तो पोचला तेव्हा लोकांनी मुलाला वर आणून ठेवलं होतं, ताडपत्रीनं झाकून. बायकोला कारखान्यातून कुणीतरी आणलं. तिला अजून नीट सांगितलं नव्हतं. गाडीला अपघात झाला, एवढंच. ती गर्दीतून पुढे आली आणि ताडपत्रीची कड बघून थांबली. एक टाका पुढे, एक उलटून. तोंड बघायची गरजच राहिली नाही. ती तिथंच मातीत बसली आणि ती कड हातात धरून राहिली.

धर्मराज पाचव्या दिवशी कामावर गेला. घरात बसवत नव्हतं. ड्रायव्हर लोक आता खिडकीशी आले की खाली बघत. आकडा सांगितला की मान हलवत, चिठ्ठी घेत, जात. कुणी घासाघीस करेना. आणि एक गोष्ट त्याच्या उशिरा लक्षात आली: त्याला धर्मराज म्हणायचं सगळ्यांनी एकदम सोडलं होतं. का सोडलं, ते त्याला एके दिवशी जेवणाचा डबा उघडताना कळलं. त्या नावाचा एक देवही आहे, रेड्यावर बसून न्यायला येतो तो. डबा तसाच बंद करून त्यानं पिशवीत टाकला.

घरी बायको शांत होती. ती शांतताच त्याला सोसवेना. ती उठायची, स्वयंपाक करायची, कामावर जायची, संध्याकाळी तसबिरीपुढे डोळे मिटून अर्धा तास बसायची. रडायची, पण आवाज न करता, भांडी घासताना वगैरे. तिनं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. तिच्या भावानं, शेजाऱ्यांनी, मुलाच्या मित्रांनी जे मनात म्हटलं असेल, ते तिनं मनातही म्हटलं नसावं असं तिचा चेहरा सांगायचा.

महिन्याभरानं एका रविवारी सकाळी तोच म्हणाला, "तू बोलत का नाहीस?"

"काय बोलू?"

"मी मारलं त्याला, म्हण."

ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. "मशीनवाल्यानं जास्त भरला. मुकादमानं धाक घातला. ब्रेक जुने होते. उतार होता. तुम्ही चिठ्ठी दिली नाही. तो रागावला. यातलं एक नसतं तरी तो आला असता घरी. मी कुणाकुणाला म्हणू?"

"तुमच्या धम्मात दोष द्यायला कुणी सापडतच नाही का?"

"सापडतात की. इतके सापडतात की एकावर राग धरवत नाही."

"आमच्यात सापडतो," तो म्हणाला. "आमच्यात ज्याचं कर्म त्याच्या माथी."

"मग घ्या माथी," ती म्हणाली. "पण मला द्यायला सांगू नका."

त्याला वाटलं होतं, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवी माणसाला लागते तरी. ही शांतता कुठं लागत नव्हती आणि सगळीकडे दुखत होती.

त्याच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. ती त्यानं आणखी दोन महिन्यांनी सांगितली. दोघं जेवायला बसले होते. तिसरं ताट मांडायची सवय अजून मोडली नव्हती. ती काढायची, मग परत फळीवर ठेवायची.

"नऊ वर्षांपूर्वी," तो ताटाकडे बघत म्हणाला, "एक परका ड्रायव्हर आला होता. दोन टन जास्त. त्याची बायको दवाखान्यात अडली होती, पलीकडच्या गावी. पाया पडला. मी चिठ्ठी दिली. पंधरा टन नऊशे लिहिलं. पूल पडला नाही. कुणाला कळलंही नाही. सत्तावीस वर्षांत तेवढीच एक."

ती जेवायची थांबली.

"त्याला दिली," तो म्हणाला, "आणि ह्याला नाही दिली."

"त्या दिवशी मागे कुणी उभं होतं?"

"कधी?"

"नऊ वर्षांपूर्वी."

त्यानं आठवलं. भर उन्हाची वेळ होती, रस्ता रिकामा होता. "नाही," तो म्हणाला.

"आणि आपल्या पोराच्या वेळी?"

त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला.

"म्हणजे तो तुमचा धर्म नव्हता," ती हळू म्हणाली. "तुमचं नाव होतं ते. लोकांनी ठेवलेलं."

ती चिडून बोलली नव्हती. कारखान्यात उलट टाका दाखवावा, तसं तिनं दाखवलं. पण तो ताटावरून उठला, हात धुतले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला. पुढचे कित्येक दिवस दोघांत 'चहा झालाय' आणि 'कुलूप लावलं का' याच्यापलीकडे बोलणं झालं नाही.

मग पैलवान आला. हा भोंग्याचा जिवलग मित्र, काडीसारखा बारीक, म्हणून पैलवान. दोघं एकाच खाणीवर ट्रक चालवायचे. अपघातानंतर तो गाव सोडून दुसरीकडे कामाला गेला होता. आता परत आला. त्याचा ट्रक पाट्यावर चढला आणि दांडी सतरा टनांवर थांबली.

पैलवान खिडकीशी आला. नजर चुकवत म्हणाला, "काका, एक टन जास्त असेल."

"एक टन जास्त आहे."

"बरं," पैलवान म्हणाला आणि वळला. त्यानं विनंती केली नाही. गाडीकडे चालायला लागला आणि जाता जाता त्याची मान खाणीमागच्या वाटेकडे वळली. एकदाच. कदाचित सहज.

धर्मराजच्या हातात शिक्का होता. मारला तर खोटं. न मारला तर ती वाट. सत्तावीस वर्षं त्याला वाटत आलं होतं की या खिडकीतून दोनच गोष्टी बाहेर जाऊ शकतात: हो किंवा नाही. त्यानं शिक्का ठेवला, केबिनचं दार उघडलं आणि बाहेर आला. कामाच्या वेळात केबिन सोडायची नाही असा नियम होता. तो नियम त्यानं आजवर लघवीच्या वेळा सोडल्या तर पाळला होता.

"थांब," तो म्हणाला. "ट्रक कडेला घे. फाळका उघड."

"काका, तुम्ही कशाला?"

"उघड म्हणतो ना."

पैलवान हौद्यात चढून दगड सरकवू लागला, धर्मराज खालून घेऊन रस्त्याकडेला रचू लागला. छप्पन्न वर्षांचं शरीर, हातात आयुष्यभर पेन आणि शिक्का. दहा मिनिटांत तळहात सोलले. मागे ट्रक थांबत गेले, एकदोघांनी हॉर्न दिला, मग एक ड्रायव्हर उतरला आणि हाताखाली लागला. मग आणखी एक. शेवटचा दगड ठेवून धर्मराज आत गेला, वजन केलं, शिक्का मारला, चिठ्ठी दिली. पैलवाननं चिठ्ठी घेताना त्याचा सोललेला हात क्षणभर धरून ठेवला. ट्रक पुलाकडे गेला.

धर्मराजनं सहज घड्याळाकडे बघितलं. पस्तीस मिनिटं लागली होती.

आणि मग त्याच्या डोक्यात हिशोब सुरू झाला. तो त्याला थांबवता येईना. एक टनाला पस्तीस मिनिटं. दीड टनाला पन्नासेक मिनिटं, फार तर एक तास. तो मंगळवार, दुपारचे अडीच. एका तासानं साडेतीन. पुलापासून कामापर्यंत वीस मिनिटं. चारच्या आत. मागे तीन ड्रायव्हर उभे होतेच, कमरेवर हात ठेवून. आपण दार उघडून बाहेर आलो असतो तर तेही आले असते. खोटं लिहावं लागलं नसतं. पूल राहिला असता, आकडा राहिला असता, आणि पोरगा रात्री जेवायला आला असता.

संध्याकाळी तो घरी गेला तो बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. बायकोनं त्याचे हात बघितले. "काय झालं?"

त्यानं सगळं सांगितलं. पैलवान, दगड, पस्तीस मिनिटं. मग म्हणाला, "एक तास लागला असता. मी खाली उतरायला हवं होतं. एवढंच करायचं होतं."

ती बघत राहिली. इतके महिने जो चेहरा शांत होता तो एकेका बाजूनं ढासळू लागला. ब्रेक, उतार, मशीनवाला, मुकादम यांची जी साखळी तिनं रोज डोळे मिटून कडी कडी जोडत धरून ठेवली होती, तिच्यात ही एक कडी तिला कधी दिसलीच नव्हती: की कुणी नुसतं दार उघडून बाहेर यायचं होतं.

"एक तास," ती म्हणाली. "माझ्या पोरासाठी एक तास नव्हता तुमच्याकडे."

आणि ती ओरडून रडली. शेजारची माणसं दारात आली आणि दारातूनच परत गेली. तिनं त्याच्या छातीवर मुठी मारल्या, जितकं अंगात होतं तितक्या. तो उभा राहिला. हेच त्याला हवं होतं, असं त्याला वाटत आलं होतं. आता मिळालं तर कळलं, त्यानं काहीच हलकं होत नाही. उलट आजवर दोघांच्या दुःखात कुणी एक तरी जमिनीवर उभं होतं. आता दोघंही बुडाले.

त्यानंतर ती दोन महिने माहेरी, भावाकडे राहिली. तसबीर घेऊन गेली. फळीवर अर्धी जागा मोकळी पडली, ती त्यानं तशीच ठेवली, तिथं काही ठेवलं नाही. काट्यावर मात्र त्याचं चालूच राहिलं. ज्याचा ट्रक जास्त भरला असेल त्याला तो 'नाही' म्हणायचा आणि त्याच पावली बाहेर येऊन बाह्या वर करायचा. रस्त्याकडेला डबराची रास वाढत गेली. वरून साहेब आले, म्हणाले, "तुम्हाला वजन करायला ठेवलंय, उचलायला नाही." तो म्हणाला, "होय साहेब," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उचललं. एक लेखी ताकीद आली, मग दुसरी. खाणीवाले गाड्या थोड्या बेतानं भरू लागले, असं म्हणतात. ते त्याच्यामुळे की नवीन मशीनमुळे, कोण जाणे. सहा महिन्यांत त्याची पाठ गेली. डॉक्टरनं वाकायचं नाही म्हणून सांगितलं, आणि साहेबांनी तेवढंच निमित्त करून त्याला मुदतीआधी घरी बसवलं.

बायको परत आली ती त्याच्या पाठीचं ऐकून. पिशवी ठेवली, तसबीर फळीवर तिच्या जागी ठेवली, आणि घड्याळाला किल्ली दिली. ते बंद पडलं होतं. त्यानं विचारलं नाही की राहणार आहेस का. तिनं सांगितलं नाही.

अजूनही ती दोघं तिथंच राहतात. ती कामावर जाते, तो घरात बसतो. तिनं त्याला माफ केलं असं ती म्हणत नाही, कुणी विचारलं तर म्हणते, "माफ करायला मी कोण, ज्याची गोष्ट तो गेला." त्यानं स्वतःला माफ केलेलं नाही, हे विचारावंही लागत नाही. धर्म आणि धम्म यांतला र आता त्यांच्यात कुणी काढत नाही. संध्याकाळी ती आली की पाय धुते, चहा टाकते, मग तेल कोमट करून आणते. तो सदरा काढून पालथा पडतो. चामड्याच्या टोपीनं घट्टे पडलेल्या अंगठ्यानं ती त्याच्या पाठीचे मणके एकेक करून चोळते, वरून खाली. कधी तिचा हात मध्येच थांबतो आणि पाठीवर काहीतरी गरम पडतं. ते तेल नाही हे त्याला कळतं. तो हलत नाही. थोड्या वेळानं हात पुन्हा चालू होतो.